जत्रेतली ओव्हर

कारभारीनं मेंढी आडवी पाडली, पाय गुडघ्याखाली दाबले आणि कातर चालवायला घेतली. ऊन डोक्यावर आलं होतं. वाडीखालची काळी रानं भेगाळून पडली होती आणि डोंगराकडचा वारा नुसता फुफाटा आणत होता. लोकर उडून मिशांत अडकत होती, पण ती झाडावी असंही त्याला वाटत नव्हतं. पोटाजवळ कातरताना बोट कापलं. ते मंजुळाबाईनं पाहिलं, त्यानं नाही.

"आवं, बोट बघा की."

"हां," तो म्हणाला आणि कातर चालूच राहिली.

लिंबाच्या सावलीत फळीवर त्यांचा पोरगा अंगद उताणा पडला होता. वय अठरा, उंची सव्वासहा फूट, त्यामुळं पाय फळीबाहेर आलेले. मणक्याला चीर गेलीय, असं संभाजीनगरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं. वाकायचं नाही, उचलायचं नाही, पाण्याचा तांब्यासुद्धा दुसऱ्यानं हातात द्यायचा.

हे पोर साधंसुधं नव्हतं. देशाच्या एकोणीस वर्षांखालच्या संघासाठी वेगवान गोलंदाज घडवतात, त्या शिबिरात होतं. पुढच्या महिन्यात इंग्लंडला जायचं होतं. शिबिरवाल्यांनी जत्रेपुरती सुटी दिली ती एकाच अटीवर, चेंडूला हात लावायचा नाही. वाढत्या वयात कमरेवर किती भार टाकायचा याचं त्यांचं माप ठरलेलं होतं. अंगदनं घरात पाय टाकताच हे सांगितलं आणि कारभारीला पटलंही. कोवळं गोऱ्हं नांगराला जुंपत नाहीत, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

पण जत्रेतला शेवटचा सामना शेजारच्या गावाशी पडला. सरपंच इंद्रजीत माणसं घेऊन आला. तो अंगदकडं गेलाच नाही. अशा बाबतीत गाव भलतंच हुशार असतं. त्यानं कारभारीला हाताला धरून मंडपात नेलं आणि पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवलं. जन्म मेंढरांमागं काढलेला हा माणूस बैठकीत कायम कडेला उकिडवा बसायचा. ती खुर्ची त्याला टोचतही होती आणि सुखावतही होती.

"कारभारीअण्णा, एकच ओव्हर," इंद्रजीत म्हणाला. "तुमी सांगितलं तर पोरगं नाय म्हननार नाय."

कारभारीनं तोंड उघडलं. सगळं गाव त्याच्याकडं बघत होतं आणि एवढ्या नजरांची त्याला सवय नव्हती.

"टाक बाबा एक," तो अंगदला म्हणाला.

चौथ्या चेंडूला अंगदच्या कमरेत काहीतरी तुटल्यागत झालं. उरलेले दोन त्यानं तसेच टाकले, कारण बाप बघत होता. गाव जिंकलं. संध्याकाळी पोराला बाजेवरून उठता येईना.

तेव्हापासून कारभारीला काही होतच नव्हतं. रडू येत नव्हतं, राग येत नव्हता. मंजुळाबाई पुढ्यात भाकरी ठेवायची तेव्हा तो जेवायचा. मेंढरं होती म्हणून हात तेवढे हलत होते.

"आबा," अंगद फळीवरून म्हणाला. "आज रामकिसन सर येनारेत. मोटरीपाशी पाय घसरला म्हनून सांगितलंय मी त्याईला. तुमीबी तेच सांगा."

"कामून?"

"पडलो म्हनलं तर शिबिरातली जागा राहाती. ओव्हर टाकली म्हनलं तर नाव कापतेत."

कारभारीनं मान हलवली.

रामकिसन सरांनी अंगदला संभाजीनगरात हर्सूलकडच्या मैदानावर घडवलं होतं. शिबिराची वाटही त्यांनीच दाखवली होती. दुपारी ते गाडी घेऊन आले, पोराची पाठ बघितली आणि कारभारीपुढं येऊन बसले.

"कारभारीकाका, कसं पडलं हो पोरगं?"

कारभारीच्या गुडघ्याखाली पुढची मेंढी होती. खोटं बोलायचं तर पोटात थोडी भीती लागते, तीही त्याच्यात उरली नव्हती.

"पडलं नाय, सर. जत्रेत ओव्हर टाकली. म्याच टाकायला लावली."

"काय बोलायलेत तुमी," मंजुळाबाई हळूच म्हणाली. अंगदनं डोळ्यांवर हात आडवा घेतला.

सरांनी मोबाईल काढला. गावातल्याच पोरांनी हलगीचा आवाज जोडून व्हिडिओ टाकला होता आणि तो शिबिरात सगळ्यांनी बघितला होता. चौथा चेंडू सुटला आणि अंगदचा हात कमरेवर गेला, ते स्पष्ट दिसत होतं. त्याच्यामागं एक माणूस खुर्चीवर उभा राहून फेटा हवेत फिरवत होता.

"ह्यो मीच का?"

"तुम्हीच."

कारभारीनं तो परत लावायला सांगितला. एवढं हसताना त्यानं स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. पोराचा हात कमरेवर गेलेला साऱ्या जगाला दिसत होता आणि तो समोर असून त्याला दिसला नव्हता.

"पोरगं मनानं खेळलं का कोणी खेळवलं, एवढंच शिबिरवाल्यांनी मला विचारून यायला सांगितलं होतं," सर म्हणाले. "तुम्ही बोललात तसं कळवतो. इंग्लंड गेलं आता. नाव बहुतेक राहील. पण त्याला आजच घेऊन जातो. पाठ भरून येईपर्यंत तो गावाकडं येणार नाही. तुम्ही भेटायला या, न्यायला नको."

"दिवाळीलाबी नाय?" मंजुळाबाईनं विचारलं.

सर उठून उभे राहिले.

"न्या," कारभारी म्हणाला.

मंजुळाबाईनं पिशवी भरली. सरांनी पुढची सीट मागं पाडून ठेवली. शेजारची दोनचार माणसं दारात जमली. अंगद भिंतीला धरत गाडीपर्यंत गेला, तिथून वळला आणि सवयीनं बापाच्या पाया पडायला वाकू लागला.

कारभारीनं पुढं होऊन त्याच्या छातीला हात लावला.

"नको."

"आबा, निघालो म्हनून..."

"नको म्हनलो ना. वाकू नको."

अंगद ताठ उभा राहिला, हातांचं काय करावं ते न कळून. सगळे कारभारीकडं बघत होते. मंडपात हाच एक शब्द म्हणायचा होता. आज म्हणताना काहीच जड गेलं नाही.