वाढपाचा हक्क

ज्येष्ठांच्या केंद्रातल्या भोजनगृहाची एक रीत होती. दुपारचे जेवण स्वयंपाकी रांधी, पण वाढायचे ते सभासदांनीच. त्यातही सुपाचे पातेले आणि डाव बाईसाहेबांकडे. ही वाटणी कोणी केली, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. घरी सुनेने स्वयंपाकघर हाती घेतल्यापासून “आई, तुम्ही बसा” हे इतक्यांदा कानांवर पडले होते की बाईसाहेबांना बसण्याचाच वीट आला होता. चार माणसांना आपल्या हाताने वाढावे, अशी जागा आता एवढीच उरली होती.

त्यांचे वाढणे म्हणजे मात्र हुकूम. ‘पुरे’ हा शब्द त्यांनी कधी मानलाच नाही. परवा सभासदांपैकी एका निवृत्त कंडक्टरांनी वाटीवर आडवा हात धरला. बाईसाहेबांनी नेहमीप्रमाणे तिकडे काणाडोळा करून डाव कलता केला. अलीकडे त्यांच्या हाताला कंप सुटे, तो नेमका तेव्हाच सुटला. कढत सूप कंडक्टरांच्या बोटांवर सांडले आणि पट्टी बांधण्याची वेळ आली.

केंद्राचे व्यवस्थापक वयाने मुलासारखे, जिभेवर साखर ठेवून बोलणारे. त्यांनी फर्मान काढले: यापुढे सभासदांनी वाढायचे नाही, प्रत्येकाला जागेवर झाकणबंद डबे मिळतील. शिवाय बाईसाहेबांच्या मुलाला फोन केला तो वेगळाच. मुलाने रात्री ताटावर विषय काढला, या वयात आईला ही दगदग हवी कशाला. बाईसाहेबांनी आवाज चढवला नाही. उद्या आपण जरा लवकर निघणार आहोत, एवढेच त्यांनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी डबे टेबलांवर मांडलेले होते आणि आतले सूप कोमट झाले होते. बाईसाहेबांनी स्वयंपाकघरातून डाव आणि रिकामे पातेले आणले, पातेले भोजनगृहाच्या कोपऱ्यातल्या शेगडीवर चढवले, आपल्या डब्यातले सूप त्यात ओतले आणि पदर खोचून उभ्या राहिल्या. व्यवस्थापक लगबगीने आले.

“आजी, बसा बरं तुम्ही. तुमच्या भल्यासाठीच सांगतोय.”

“मी तुमची आजी नाही. आणि माझं भलं मलाच कळत नसेल, तर दारावर ‘ज्येष्ठ’ अशी पाटी कशाला लावलीत?”

कंडक्टरांचा हात भाजला होता, याची व्यवस्थापकांनी आठवण करून दिली.

“भाजला. मीच भाजला,” बाईसाहेब म्हणाल्या. “कंप हाताचा होता, पण हट्ट माझा होता. हट्ट सोडते. डाव सोडणार नाही.”

सगळ्यांच्या माना कंडक्टरांकडे वळल्या. ते सावकाश उठले, आपल्या डब्याचे झाकण काढून सूप पातेल्यात रिते केले आणि मांडणीवरची एक वाटी घेऊन शेगडीजवळच्या टेबलावर ठेवली.

“वाढा. माझा दुसरा हात अजून धड आहे.”

हशा पिकला. बाईसाहेब हसल्या नाहीत. सुपाला वाफ येईपर्यंत त्या थांबल्या. मग उजव्या हाताचे मनगट डाव्या हाताने घट्ट आवळून त्यांनी डाव वाटीच्या काठाशी नेला. थेंबही न सांडता वाटी अर्धी भरली. कंडक्टर म्हणाले, पुरे. डावात अजून सूप होते आणि ते वाटीत ओतावे म्हणून बाईसाहेबांचा जीव कासावीस झाला. त्यांनी ओठ आवळले, डाव पातेल्यात परत टाकला आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

एव्हाना टेबलाटेबलांवरून लोक डबे घेऊन उठले होते. व्यवस्थापक त्यांच्या वाटेतच उभे. हे आपल्याला समितीच्या कानावर घालावे लागेल, असे ते म्हणाले.

“खुशाल घाला. समितीलाही जेवायला बोलवा. पण तुम्ही आत्ता रांगेत मध्ये उभे आहात. वाटी आणा, नाहीतर बाजूला व्हा.”

व्यवस्थापकांनी वाटी आणली नाही. ते बाजूला झाले.