इंदुलेखाबाईंना कावळा शिवेना

गेल्या सर्वपित्रीला नेवाशाच्या सुरेखाने तीन पानं वाढली. एक सासऱ्यांचं, एक सासूबाईंचं आणि तिसरं इंदुलेखा प्रवरे यांचं. सासऱ्यांच्या पानावर कावळे तुटून पडले, सासूबाईंच्या पानावरचे वडे दोघांनी भांडून पळवले, आणि इंदुलेखाबाईंच्या पानाकडे एकानेही मान वळवून पाहिलं नाही.

सुरेखा माझी मावसबहीण. इंदुलेखा प्रवरे मात्र आमच्या कोणीच लागत नाहीत. त्या कादंबऱ्या लिहायच्या, प्रेमाच्या, आणि दर दिवाळीच्या सुमाराला त्यांचं एक नवं पुस्तक यायचं. नगरला सावेडीत माझं मॅचिंग सेंटर आहे. तिथे अस्तर, फॉल आणि ब्लाऊजपीस यांच्या बरोबरीने काउंटरखालून इंदुलेखाबाईही फिरायच्या. आधी मी वाचायचे, मग येणाऱ्या चार शहाण्या बायका वाचायच्या आणि शेवटी पुस्तक एसटीने नेवाशाला सुरेखाकडे जायचं. तिथून ते परत आल्याचं मला आठवत नाही.

त्यांच्या पुस्तकांत राजबिंडे उद्योगपती नसायचे. प्रेमात पडलेली माणसं कांदे काढायची, डेअरीत दूध घालायची, मोटर चालू करायला लाइटची वाट बघत बांधावर बसायची आणि तेवढ्यात एकमेकांकडे बघायची. त्या बघण्याने आमच्यासारख्यांच्या पोळ्या करपायच्या. मग सात-आठ वर्षांपूर्वी पुस्तकं यायची थांबली. पहिल्या दिवाळीला वाटलं, बाई आजारी असतील. दुसऱ्या दिवाळीला वाटलं, मुलाकडे परदेशी गेल्या असतील, कारण चांगली माणसं हल्ली तिकडेच जातात. तिसऱ्या दिवाळीला मी दुसऱ्या कुणाची तरी कादंबरी आणली. तिच्यातला नायक पहिल्या पानावर गाडीतून उतरतो आणि शेवटच्या पानापर्यंत त्या गाडीबद्दलच बोलतो. ती मी रद्दीत घातली.

सुरेखाने मात्र मनाशी ठरवून टाकलं की बाई गेल्या. आणि गेल्या तर त्यांना घास ठेवणारं कुणी आहे की नाही, या विचाराने ती हैराण झाली. तिचा नवरा कल्याण हा असा माणूस आहे की बायकोने वाढ म्हटलं तर वाढतो, कुणासाठी म्हणून विचारत नाही. शेजारच्या राहीबाईंनी मात्र विचारलं, ही कोण गं तुझी. सुरेखा म्हणाली, माहेरची.

कावळा शिवेना तेव्हा रीतीप्रमाणे गेलेल्याची राहिलेली इच्छा पुरी करू म्हणून सांगायला हवं. पण इच्छा कोणती ते माहीत नाही. तुमच्या पोराबाळांना बघू, असं सुरेखा म्हणाली. कावळा हलला नाही. राहीबाईंनी सुचवलं, बाई लिहिणारी होती, एखादं पुस्तक अर्धवट राहिलं असेल. मग माझ्या बहिणीने गच्चीवर उभं राहून हात जोडले आणि कादंबरी पुरी करायचं वचन कावळ्यांना देऊन टाकलं. जिला किराणा सामानाची यादी लिहायचा कंटाळा, ती कादंबरी लिहिणार. कावळ्यांनाही ते पटलं नसावं. शेवटी पान गाईला घातलं.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"सविता, बाई जिवंत हायेत."

मी म्हटलं, अगं, कावळ्यांची पोटं भरली होती, गावभर पित्रं होती. पण ती ऐकायला तयार नव्हती. जिवंत माणसाच्या पानाला कावळा शिवत नाही, एवढं तिचं साधं गणित होतं. आणि जिवंत असतील तर त्यांचे आभार मानायचे होते. मेल्यावर खीर वाढण्यापेक्षा जिवंतपणी दोन शब्द बरे, असं ती म्हणाली आणि रडायला लागली. मग मी थट्टा थांबवली, कारण ते आभार कशाचे हे मला थोडंफार माहीत होतं.

लग्नाला तीन-चार वर्षं झाली असताना सुरेखा एकदा कपड्यांची पिशवी भरून घरातून निघाली होती. कल्याणने कधी हात उगारला नाही, दारूला शिवला नाही. फक्त तो बोलायचा नाही. पाणी कुठल्या वाफ्याला लावलं आणि युरिया किती टाकला, याखेरीज त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. भिंतीशी संसार करते मी, असं ती म्हणायची. त्या दिवशी नेवाशाच्या स्टँडवर गाडीची वाट बघत तिने मी पाठवलेलं इंदुलेखाबाईंचं पुस्तक उघडलं. गाडी आली आणि गेली. सुरेखा वाचतच बसली. मग पिशवी उचलून घरी परतली ती कायमची. त्या पानावर काय होतं ते तिने मला कधी सांगितलं नाही. आज त्यांच्या घरात काय बोलणं होतं ते मला ठाऊक नाही, पण कल्याण तिच्यासाठी बाजारातून न सांगता गजरा आणतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हा शोध घ्यायचा ठरला. पुस्तकांवर नगरच्या एका छापखान्याचं नाव होतं. छापखाना बंद पडून तिथे आता फ्लेक्स निघतात, वाढदिवसाच्या शुभेच्छांचे. मालकाचा मुलगा भला माणूस निघाला. बाईंना त्याने कधी पाहिलं नव्हतं. कोल्हारहून हनुमंत गुरुजी म्हणून एक शिक्षक हस्तलिखित घेऊन यायचे, येताना पिशवीभर पेरू आणायचे आणि मुकाट्याने बसून प्रुफं तपासायचे. एवढंच त्याला आठवत होतं.

झालं, माझी खात्री पटली. इंदुलेखा म्हणजे हा गुरुजीच. बाईचं नाव लावून पुस्तकं खपवणारा पुरुष. मी तर पैजच लावली. सुरेखाचा चेहरा उतरला, तरी ती म्हणाली, असू दे, त्यांचे मानू. ज्यानं भूक भागवली त्याला पाया पडायचं, मिशा हायेत का बघायचं न्हाई.

दसऱ्यानंतर आम्ही नगरच्या तारकपूर स्टँडवरून मनमाडच्या गाडीत बसलो. तो रस्ता ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको, आणि ज्याला माहीत नाही त्याची कंबर सुखरूप राहो. राहुरी मागे पडेपर्यंत सुरेखा पुटपुटत होती. काय म्हणायचं त्याची तालीम चालली होती. कोल्हारला उतरून देवीच्या देवळापाशी विचारलं तर पहिल्याच माणसाने गुरुजींचं घर दाखवलं. गुरुजी जाऊन सात-आठ वर्षं झाली, हेही तिथेच कळलं.

सुरेखा रस्त्यातच उभी राहिली. परत जाऊ म्हणाली. मी तिला दंडाला धरून पुढे नेलं. इतकी हाडं खिळखिळी करून आलोय, निदान घरच्यांच्या हातचं पाणी तरी पिऊन जाऊ, असं मी म्हटलं.

पडवीत एक म्हातारी बाई शेंगा फोडत बसली होती. त्या गुरुजींच्या पत्नी, छबूबाई. सून धनश्रीने पाणी दिलं आणि हळूच सांगितलं की मामंजी गेल्यापासून आत्याबाई फारसं बोलत नाहीत, वाईट वाटून घेऊ नका. मी विषय काढला. आम्ही इंदुलेखा प्रवरे यांची पुस्तकं वाचायचो, गुरुजी लिहायचे ती, त्यांचे आभार मानायला आलो होतो.

छबूबाईंचे हात थांबले.

"गुरुजी नुसते लिव्हायचे," त्या म्हणाल्या. "सांगायची मी."

आणि मग तुटक तुटक, शेंगा फोडत, त्यांनी सांगितलं. त्या चौथी शिकलेल्या. रात्रीची जेवणं झाली की त्या भांडी घासता घासता गोष्ट सांगायच्या, आणि गुरुजी उंबऱ्यात बसून लिहून घ्यायचे. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. गावात कुणाला कळू नये म्हणून नाव त्यांनीच शोधलं. इंदुलेखा म्हणजे दोघं मिळून. पुस्तक छापून आलं की त्या ते देवापुढे ठेवायच्या, हळदकुंकू लावायच्या आणि फडताळात ठेवून द्यायच्या. आपणच सांगितलेलं परत काय वाचायचं, असं त्यांचं म्हणणं. पैज मी हरले होते, आणि हरल्याचा इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

सुरेखाने मग धीर करून पानाचं सांगितलं. मला वाटलं, म्हातारी चिडेल, जिवंतपणी पान वाढलं म्हणजे काय. त्या मात्र हसल्या. दात नसलेलं, मोठं हसू. धनश्री आतून बघायला आली.

"आर्धी तर गेलीच हाय की इंदुलेखा," त्या म्हणाल्या. "चुकलं न्हाई तुझं. पर त्यांना खीर आवडत न्हवती. कावळा शिवंल कसा?"

सुरेखाने वचनाचंही सांगितलं. म्हणाली, तुम्ही सांगा, मी येऊन लिहून घेईन, अक्षर बरं आहे माझं. छबूबाईंनी मान हलवली. तू लिहिशील गं, पण मी पुस्तकासाठी कधी सांगितलंच नाही, असं त्या म्हणाल्या. उंबऱ्यातून त्यांनी हूं म्हणावं म्हणून त्या सांगायच्या. घरात गुरुजींचं एवढंच बोलणं होतं. सगळे शब्द शाळेत संपवून यायचे. हूं म्हणणारा गेला आणि गोष्ट आटली.

म्हणजे आता पुस्तक येणार नव्हतं. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. इतकी वर्षं या बाईने भांडी घासता घासता आमची घरं उजळली होती, आणखी काय मागायचं?

सुरेखा उठली. छबूबाईंच्या पुढ्यात टरफलांतच बसली. तालीम केलेलं सगळं विसरली असावी, कारण तिने भाषण केलंच नाही. स्टँडचं सांगितलं, पिशवीचं सांगितलं, गाडी निघून गेली ते सांगितलं.

"तुमच्या पुस्तकात ती बाई घर सोडून निघती," ती म्हणाली. "आन् त्यो तिचा नवरा, कदीच न बोलनारा, दारात म्हनतो..." आणि मग पाठ केलेलं जसंच्या तसं तिने म्हटलं, "मला बोलता येत नाही. पण तू बोलत जा. तू गप्प झालीस की मला हे घर आपलं वाटत नाही." डोळे पुसून ती पुढे म्हणाली, "ते वाचलं आन् मला वाटलं, आमच्या मानसाच्या पोटात बी आसंच आसंल. म्हनून मी माघारी फिरले. तुमचं हे वाक्य नसतं तर माझं घर नसतं, आक्का."

छबूबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली.

"हे म्या सांगितलं न्हवतं," त्या म्हणाल्या.

सुरेखाला कळेना. मलाही कळेना. त्या म्हणाल्या की त्यांच्या गोष्टीत तो माणूस बायकोच्या हातातली पिशवी काढून घेतो आणि खुंटीला अडकवतो, बस. मुका माणूस तो, बोलेल कसा? तुझ्या मनाचं काहीतरी आहे. सुरेखा म्हणाली, मनाचं कसं असेल, एवढी वर्षं पाठ आहे मला.

धनश्री फडताळातून पुस्तक घेऊन आली. कोरं करकरीत, वर हळदीचं बोट. मी पान शोधलं. पिशवी होती, खुंटी होती. आणि त्याच्या खाली, नव्या ओळीवर, ती तीन वाक्यं होती. मी वाचून दाखवली.

छबूबाईंनी परत वाचायला सांगितलं. मग सुरेखाला वाचायला लावलं. मग पुस्तक स्वतःच्या हातात घेऊन त्या ओळीवर बोट फिरवत एकेक अक्षर लावत बसल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. मुकाट्याने प्रुफं तपासत बसलेला तो माणूस माझ्या डोळ्यांपुढे होता. हे तीन वाक्यांचं बोलणं बायकोने वाचावं म्हणून त्याने छापून आणलं, आणि तिने त्याला हळदकुंकू लावून ठेवून दिलं. ते नेवाशाच्या स्टँडवर उतरलं, एका परक्या घराला पुरलं, आणि तिथून माझी बहीण ते खड्ड्यांतून हाडं मोडत ज्याचं त्याला पोचवायला आली होती.

"तू बोलत जा म्हनले," छबूबाई म्हणाल्या. "आन् मी गप बसले."

पदराने त्यांनी तोंड पुसलं. सुरेखाच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. मग सुनेला हाक मारली.

"धनश्री, समदी पुस्तकं काढ गं. आजून कुटं कुटं बोललेत, बघू दे."

पुस्तकांची चळत पडवीत आली. सगळ्यांत जुनं मी उचललं आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली. छबूबाई डोळे मिटून, भिंतीला टेकून ऐकत होत्या. मधून मधून पुटपुटायच्या, हे माझं, हे बी माझं. धनश्रीने चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. आमची परतीची गाडी निघून गेली असणार, पण कुणी घड्याळ पाहिलं नाही. पोरगी कांद्याच्या शेतात उन्हाची उभी आहे आणि बांधावरून तो तिला पाण्याचा तांब्या देतो, तिथवर मी आले.

छबूबाईंनी हात वर केला.

"थांब," त्या म्हणाल्या. "हे माझं न्हाई."