सुजलेला गाल

"आजी, हिचा गाल का सुजलाय असं विचारलंय. दात किडला असेल का गं?"

लोरीनने कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि नातीच्या खांद्यावरून कॉम्प्युटरकडे पाहिलं. पाचवीच्या मुलांना अमेरिकेचा इतिहास शिकवणारी ही साइट कर्स्टनच्या बाईंनी गृहपाठाला दिली होती. पडद्यावर जुना फोटो होता. तंबूच्या दाराशी सात-एक वर्षांची मुलगी, अनवाणी, पिठाच्या पोत्याचा झगा घातलेली. खाली लिहिलं होतं, 'ओक्लाहोमाहून कामासाठी आलेल्या कुटुंबातील मुलगी. कॅलिफोर्निया, १९३८. नाव अज्ञात.'

लोरीन खुर्ची ओढून बसली.

सासर, शेजार, चर्च, एवढंच काय पोटचा मुलगा, साऱ्यांना तिने एकच सांगितलं होतं, माझा जन्म इथलाच, कॅलिफोर्नियातल्या फ्रेझ्नोचा, वडिलांचं किराणा दुकान होतं. ओक्लाहोमाहून पोटासाठी आलेल्यांना इथे 'ओकी' म्हणत, आणि तो शब्द शिवीसारखा फेकला जाई. पॅकिंग शेडमध्ये पीच निवडताना बायका ओकींवर विनोद करत, तेव्हा ही सगळ्यांच्या आधी हसायची. खोटं पचलं होतं, पण अंगी लागलं नव्हतं.

"मी लिहिते, दातदुखी, डॉक्टर नाही," कर्स्टन म्हणाली. "पुढे विचारलंय, तिला काय वाटतंय. दुःखी, भुकेली."

तिने बटण दाबलं. हिरवी खूण उमटली, 'शाब्बास!'

"डोंबलाचं शाब्बास!" लोरीनच्या तोंडून निसटलं. "गालात जर्दाळू होता, अख्खा! मुकादमाच्या पेटीतून ढापलेला. फोटोवाला मेला हस हस म्हणतोय, आणि हसले असते तर..."

कर्स्टन गर्रकन वळली. "हसले असते? म्हणजे तू?"

'हसली असती' म्हणाले गं, तुलाच नीट ऐकू येत नाही, असं म्हणून सावरता आलं असतं. लोरीनने सावरलं नाही. तिला एकाएकी फार दमल्यासारखं झालं.

"मीच ती. तंबूत राहायचो आम्ही. दुकानबिकान काही नव्हतं."

"बाबांना माहितीये?"

"नाही. हळू बोल, तो स्वयंपाकघरात आहे."

"आणि चोरी पकडली?"

"छट्! बी तीन दिवस चघळली मी."

कर्स्टन खिदळली. लोरीन तिच्या डोळ्यांत किळस शोधत होती. ती तिथे नव्हतीच.

पोरीने फोटो मोठा केला. मुलीच्या खांद्यावर कडेने आलेला एक हात दिसला. माणूस चौकटीबाहेर राहिलं होतं.

"हा कोणाचा?"

लोरीनने पडद्यावरच्या त्या हातावर बोट ठेवलं. "माझ्या आईचा. त्याच वर्षी हिवाळ्यात खोकल्याने गेली. तिचा दुसरा फोटोच नाही गं कुठे."

पानाच्या तळाशी 'काही माहिती असल्यास कळवा' अशी रिकामी चौकट होती. कर्स्टनने हळूच विचारलं, "तुझं नाव लिहू?"

"आधी तिचं लिही. ओझेला टिडवेल." पासष्ट वर्षांत हे नाव तिने उच्चारलं नव्हतं. एकेक अक्षर ती सांगत गेली, नात लिहीत गेली.

"आणि राहणार कुठली?"

"ओक्लाहोमाची," लोरीन म्हणाली, स्वयंपाकघरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.