टाके नेणाऱ्या फुंकरमाई

लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये साठ-सत्तर बायका दाटीवाटीने बसल्या होत्या आणि सगळ्यांची नजर एका काचेच्या पेल्यावर खिळली होती. पेल्यात पाणी, पाण्यात वीतभर पांढरा दोरा. फुंकरमाईंनी पेल्यावर रेशमी रुमाल टाकला, डोळे मिटले आणि लांबलचक फुंकर घातली. मग दुसरी. तिसरीला जरा धाप लागली, कारण माईंचा देह खात्यापित्या घरचा होता. रुमाल उचलला तर दोरा गायब. बायकांनी तोंडात बोटं घातली. पुढच्या रांगेतल्या दोघींनी डोळे पुसले.

"डॉक्टर टाके घालतो, माई टाके नेते," माई म्हणाल्या. "डॉक्टरकडे चाकू आहे, सुई आहे, कात्री आहे. माईकडे काय आहे?"

"फुंकर," हॉल म्हणाला.

"आणि?"

"लेप."

लेपाच्या डब्या टेबलावर रचलेल्याच होत्या. मग अनुभव सांगायला तिघी उठल्या. तिघींचं एकच: ऑपरेशन झालं, लेप लावला, एकविसाव्या दिवशी टाके नाहीसे. डॉक्टरने हातसुद्धा लावला नाही. टाके कुठले, असं कुणी विचारलं की त्या पदराशी चाळा करत "आतले" म्हणायच्या. आतले म्हणजे कुठले, ते हॉलमध्ये कुणी विचारत नव्हतं.

चौथ्या रांगेत वहिनी बसली होती. कपड्यांच्या कारखान्यात शिवण तपासायचं काम ती करायची. तयार कपडा ओढून बघायचा, टाका कच्चा निघाला की सरळ उसवायचा. सोबतिणी तिला उसवणी म्हणत, आणि तिला ते नाव आवडायचं. शेजारी तिची नणंद, घडी घातलेल्या रजईवर एका अंगाने तिरकी बसलेली. तिच्या मुठीत लेपाची डबी होती. सहा दिवसांपूर्वी तिचं ऑपरेशन झालं होतं.

नणंद सायकलवरून टपाल वाटायची. आठ वर्षं तिची नाजूक जागा सीटवर घासत होती, सुजत होती, सोलवटत होती. शेवटी ती वहिनीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी तपासलं आणि स्वच्छ सांगितलं, "बिघाड काही नाही. प्रत्येकीची ठेवण वेगळी असते. दिसण्यासाठी करायचं म्हणत असशील तर घरी जा. त्रासासाठी असेल तर दोन महिने विचार कर आणि मग ये." नणंद दोन महिन्यांनी हजर. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आठवडाभर आधी बंद केल्या, सैल सुती कपडे शिवून घेतले, सहा आठवडे सायकलला रजा दिली. तयारी चोख होती. बाहेर काय सांगायचं, एवढंच ठरलं नव्हतं. नणंदेने आईला गाठ सांगितली, आईने शेजारी अपेंडिक्स सांगितलं आणि टपाल कचेरीत पाय मुरगळल्याचा अर्ज गेला. एकच ऑपरेशन शरीरात तीन ठिकाणी झालं.

तिसऱ्या दिवशी सूज वाढली. नणंदेने हातातल्या आरशात पाहिलं तर एक बाजू दुसरीच्या दुप्पट. ती हादरली. डॉक्टरीणबाईंना फोन करायचा तर काय शब्दांत सांगायचं? त्यापेक्षा लाँड्रीवालीने कानात माईंचं नाव कुजबुजलं ते सोपं वाटलं. माईंनी तिला आजच सांगितलं होतं, "संध्याकाळपासून गोळ्या बंद, धुणंपुसणं बंद. जखमेवर एकवीस दिवस फक्त लेप."

"वहिनी, मी लावणार आहे," ती हळूच म्हणाली. "मला हे असंच सुजलेलं ठेवायचं नाही."

वहिनीचं लक्ष माईंच्या भाचीकडे होतं. भाची पेल्यात नव्याने पाणी ओतत होती, आणि ते थर्मासातून. फुंकर घालायला गरम पाणी कशाला लागतं? दुसरा दोरा टेबलावर पडला होता. चमक नाही, जरा ताठर. असला दोरा वहिनीच्या हातून रोज जायचा.

ती उठली. "माई, मला टाके नेलेले जवळून बघायचेत."

"ये लेकी. शंका असली तरी ये. शंकेचेही टाके आम्ही उसवतो."

"ते माझं काम आहे," वहिनी म्हणाली आणि पर्समधून साध्या दोऱ्याचं रीळ काढलं. "हा दोरा न्या."

माईंनी रिळाकडे असं पाहिलं की जणू त्यात विंचू आहे. "दुकानातल्या दोऱ्यावर कृपा होत नाही. दोऱ्याची श्रद्धा लागते."

"मग श्रद्धाळू दोरा मला द्या. फुंकर मी घालत नाही."

आणि परवानगीची वाट न बघता तिने टेबलावरचा दोरा उचलून पेल्यात टाकला. रुमाल नाही, मंत्र नाही, तोंड मिटलेलं. दोरा आधी मऊ पडला, मग त्याचा चिकट गोळा झाला, मग तोही दिसेना. पुढच्या रांगेतल्या दोघी वाकून बघत होत्या.

"कारखान्यात आम्ही हा कच्च्या टाक्यांना वापरतो," वहिनीने सांगितलं. "चुण्या बसेपर्यंत हा कापड धरून ठेवतो आणि गरम धुलाईत विरघळतो. चमत्कार म्हणायचा तर आमच्याकडे दिवसाला पाचशे शर्टांवर होतो."

"हिच्या हाताला शाप आहे," माई भाचीला म्हणाल्या, पण आवाजात पहिला जोर नव्हता.

तेवढ्यात अनुभव सांगणाऱ्यांतली एक उठली. "दोरा राहू दे बाई. माझे टाके तर खरे होते. ते कुणी काढले?"

हॉल पुन्हा माईंच्या बाजूला कलला. नणंदेच्या डोळ्यांतही तोच प्रश्न होता. वहिनी तिच्याकडे वळली. "घरी सोडताना तुला कागद दिला होता ना?"

नणंदेने पर्सच्या आतल्या कप्प्यातून आठ घड्यांचा कागद काढला. एकदाही उलगडलेला नव्हता. वरच्या ओळीतच त्या अवयवाचं नाव होतं आणि कागद आईच्या हाती लागेल या धास्तीने तिने तो कधी वाचलाच नव्हता. वहिनीने सातवी ओळ मोठ्याने वाचली, "टाके विरघळणारे आहेत. काढावे लागत नाहीत. दोन ते चार आठवड्यांत आपोआप जातात." मग आठवी, "सूज तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते, दोन्ही बाजू सारख्या नसतात, उतरायला काही आठवडे लागतात. ताप आला किंवा घाण वास आला तर ताबडतोब या."

"तुम्हाला हा कागद मिळाला होता?" तिने तिघींना विचारलं.

एकीने तो फाडून टाकला होता. दुसरीने चुलीत घातला होता. तिसरी खाली बघत म्हणाली, "मला वाचता येत नाही. मी माईंकडून वाचून घेतला."

म्हणजे एवढ्या बायकांत तो कागद नीट वाचला होता एकट्या माईंनी. एकवीस दिवस त्यांना स्वप्नात दिसले नव्हते, ते कागदातूनच आले होते. हे ध्यानात आल्यावर हॉलमध्ये जी शांतता पसरली, तिचा फायदा घेऊन माई मागच्या जिन्याने उतरल्या. भाची डब्या गोळा करत राहिली.

भिंतीला टेकलेली एक तरुणी तेव्हा बोलली. "मला तीन दिवस ताप आहे. माई म्हणाल्या, विष बाहेर पडतंय."

नणंद रजईवरून सावकाश उठली. हातातली डबी तिने टेबलावर परत ठेवली आणि त्या तरुणीचं कपाळ चाचपलं. तासाभरात वहिनी, नणंद आणि ती तरुणी अशा तिघी दवाखान्यात होत्या. आपलंही ऑपरेशन तेच असल्याचं तरुणीने वाटेत नणंदेच्या कानात सांगितलं होतं.

"ऑपरेशन कशाचं?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

तरुणीचे कान लाल झाले.

"योनीच्या ओठांचं," नणंद म्हणाली. तिचा आवाज थोडा कापला, पण शब्द अख्खा बाहेर आला. "माझंही तेच झालंय. हिने जखमेवर लेप लावलाय, हिला ताप आहे, लवकर घ्या."

कारकुनाने ते लिहून घेतलं आणि आत पाठवलं. जग होतं तिथेच राहिलं. डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, लेप खरवडून काढला, औषध सुरू केलं. आणखी दोन दिवस उशीर झाला असता तर प्रकरण हाताबाहेर गेलं असतं, असं त्या म्हणाल्या, आणि वहिनीच्या मनाला हे झोंबलं, कारण तिनेही गाठीची आणि अपेंडिक्सची थाप चालू दिली होती.

फुंकरमाई आता दुसऱ्या कुठल्या हॉलमध्ये बसल्या असतील. त्यांना बोल लावणं सोपं आहे. पण त्यांची फुंकर चालली ती आपल्या गप्प बसण्यावर. शरीराच्या ज्या भागाचं नाव घ्यायला आपण लाजतो, त्या भागाचा मालक कुणीतरी बुवा किंवा माई होऊन बसते. म्हणून डॉक्टरने दिलेला कागद वाचा. वाचता येत नसेल तर डॉक्टरकडूनच वाचून घ्या. समजलं नाही तर पुन्हा विचारा, आणि नाव घेऊन विचारा.