खोडलेला निळा

हिरवं सूत हातात आलं तेव्हा मला रंगाऱ्याच्या दारातच नाचावंसं वाटलं. हॉटेलच्या बाईंनी पाठवलेल्या तुकड्याशी रंग अगदी जुळत होता. पिशवी स्कूटरला अडकवली आणि अक्कलकोट रोडची एमआयडीसी येईपर्यंत मी एकटीच मोठमोठ्यानं बोलत होते. सिग्नलला एक रिक्षावाला वळून बघायला लागला. बघू दे.

कारणच तसं होतं. डेन्मार्कमधल्या एका हॉटेलच्या टॉवेलची ऑर्डर आमच्या कारखान्याकडे येत होती आणि ती मी शोधून काढली होती. चन्नप्पाकाका आमचे मालक. मी त्यांचं ऑफिस सांभाळते आणि माझी आई, मीनाबाई, तिथंच टॉवेलच्या कडा शिवते. परदेशी मेल पाठवत बसणं म्हणजे काकांच्या मते रिकामटेकडेपणा. तरी त्यांनी मला हे एकदा करू दिलं, आणि वर बजावलंही, "ही बाई नमुना बघून न्हाय म्हणाली की तुझं मेलबिल बंद. आपलं चाटी गल्लीच्या कापडबाजारातलं गिऱ्हाईक बरं. तू आपली बिलं कर." आज दुपारी बाई व्हिडिओ कॉलवर पहिला टॉवेल बघणार होत्या. मला आयुष्यभर बिलं करायची नव्हती.

कारखान्यात पाऊल टाकलं तर नाकात ओल्या खोबऱ्याचा वास. म्हणजे ऑर्डर वाचून झाली होती. माझ्याशिवाय!

आमच्याकडे ऑर्डर वाचली जाते. सगळे माग बंद करायचे, काकांनी पहिल्या मागापुढं उभं राहून मोठ्यानं वाचायचं, मग नारळ फोडायचा. ही त्यांच्या वडिलांची रीत. खडखडाटात कोण काय ऐकेल याचा भरवसा नाही, शिवाय माल विणून झाल्यावर शब्द फिरवणारी गिऱ्हाइकं त्यांनी खूप पाहिली होती. म्हणून मागापुढं एकदा वाचलं ते पक्कं. मग कुणाचाही बाप आला तरी बदल नाही. नारळाशी माझं काही देणंघेणं नाही, खोबरं मात्र मी आवडीनं खाते. त्या दिवशी आईनं तुकडा पुढं केला तो मी घेतलाच नाही.

"बरं झालं आलीस," आमचा जॉबर अमृत म्हणाला. मागांची जोडणी आणि दुरुस्ती तोच बघतो. "निळा पट्टा विणून झालाय. आता तुझा हिरवा लावतो."

"कुठला निळा?"

त्यानं मागावर बोट दाखवलं. पांढऱ्याशुभ्र टॉवेलवर निळाभोर पट्टा. बाईंना निळा नको होता. आम्ही निळा सुचवला होता, त्यांनी तो खोडून शेजारी तांबड्या अक्षरांत हिरवा लिहिला होता. काल ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी माझ्या डोळ्यांनी वाचलं होतं. तोच मेल मी माझ्या फोनवरून काकांच्या फोनवर फॉरवर्ड केला होता.

"काका, निळा कुणी सांगितला?"

"तूच की," काका म्हणाले, आणि चष्मा कपाळावरून खाली ओढून फोन वाचायला लागले. "बॉर्डर, ब्लू ग्रीन. कोपऱ्यात नाव, येस नो."

"येस नो म्हणजे काय?"

"नाव पायजे, पण लई मोटं न्हाय." काकांना हा अर्थ लावल्याचा अभिमान वाटत होता. "तुझ्या आईला बारीक पट्टी शिवायला सांगितलीया."

आई मशीनवर खरंच हॉटेलच्या नावाची बारीक पट्टी घेऊन बसली होती. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी भांडायला लागले. "त्यांनी निळा खोडलाय. येसही खोडलाय. हिरवा हवाय आणि नाव नकोय."

"कुटं खोडलंय? दाव."

मी त्यांचा फोन हातात घेतला. खरंच कुठं रेघ नव्हती. तांबडं काही नव्हतं. आमचे शब्द आणि बाईंचे शब्द एकाच काळ्या रंगात, एकाच ओळीत, भावंडांसारखे गुण्यागोविंदानं बसले होते. हे वाचून कुणीही दोन पट्टे विणले असते.

मी माझा फोन काढून त्यांच्या फोनशेजारी धरला. तोच मेल. माझ्याकडे रेघा होत्या, पण पडदा रात्रीच्या काळ्या रंगावर ठेवलेला, त्यामुळे तांबडं फिकट गुलाबी झालेलं. "अमृतदादा, तुझा फोन दे." त्याला फॉरवर्ड केला. त्याच्याकडे सगळा मेल एका बाजूला चिमटून बसला, अक्षरं मुंगीएवढी. आता माझा राग कुठल्या कुठं गेला आणि मला भलताच चेव आला. मी सगळ्यांना ऑफिसात ओढत नेलं. कॉम्प्युटरवर मूळ मेल होता तस्सा: निळ्यावर ठसठशीत रेघ, शेजारी तांबडा हिरवा.

काका पडद्याजवळ वाकले. "हौदा?" म्हणजे खरंच का? चकित झाले की त्यांच्या तोंडून कन्नड निघतं. मग लगेच सावरले. "पण मागापुढं वाचलं ते वाचलं. उद्या तुझा फोन आनि तिसरंच कायतरी दावंल. मी कशावर इस्वास ठिवू?"

प्रश्न रास्त होता, आणि घड्याळ पुढं पळत होतं. मी ऑफिसच्या दारातून चादरीच्या मागाकडे बघितलं. त्यावर जकार्ड बसवलेलं असतं, भोकं पाडलेल्या कार्डांची लांबलचक माळ. भोकं जशी असतील तशी नक्षी उठते, आमच्या चादरीवर मोर.

"काका, त्या मागाचं सूत तेच ठेवलं आणि कार्डांची माळ काढली तर मोर उठेल का?"

"कसा उठंल? कोरी चादर येईल."

"मेलचं तसंच आहे. बाईंकडून विणलेला टॉवेल येत नाही. नुसतं सूत येतं, म्हणजे अक्षरं, आणि बरोबर माळ येते: हे तांबडं कर, ह्यावर रेघ ओढ. विणतो ज्याचा त्याचा फोन. मी फॉरवर्ड केला तेव्हा माझ्या फोननं ते गाठोडं सोडून नव्यानं बांधलं, त्यात थोडी माळ तुटली. उरलेली तुमच्या फोनला झेपली नाही. सूत पोचलं, मोर गेला."

काकांनी आपला फोन पडद्याशेजारी धरला आणि एकेक ओळ ताडून बघितली. आई दारात उभी होती. तिनं मला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा राहिले.

"मग परत वाचाय पायजे," काका म्हणाले.

अमृतनं माझ्याकडे बघितलं. या कारखान्यात कुठलीही ऑर्डर दुसऱ्यांदा वाचली गेली नव्हती.

"प्रिंट काढू?" मी विचारलं.

"तुझं मशीन काळंच छापतंय. तांबडं परत जाईल." काका आता माझ्याही पुढं गेले होते. "कॉम्प्युटरच न्या तितं."

टॉवेलचे गठ्ठे वाहायची ढकलगाडी आली. तिच्यावर कॉम्प्युटर चढला, खाली जुन्या चादरीची घडी. वायरला वायर जोडत अमृत पहिल्या मागापर्यंत पोचला. माग थांबले. अंगावर कापसाचे तंतू घेऊन माणसं गोळा झाली आणि काका गाडीपुढं ताठ उभे राहिले. "बॉर्डर, निळा खोडलाय. हिरवा. कोपऱ्यात नाव, व्हय खोडलंय. न्हाय." वाचलं त्यांनी, दुसऱ्यांदा. दुसरा नारळ फुटला. या वेळी खोबरं मीच पळवलं.

अमृतनं निळ्या पट्ट्याचा तुकडा कापून टाकला, हिरव्या सुताच्या कांड्या भरून धोट्यात घातल्या आणि धोटा पळाला. आईनं गरम गरम टॉवेल कड शिवून माझ्या हातात दिला तेव्हा फोन वाजतच होता. बाई पडद्यावर आल्या. मी हिरवा पट्टा कॅमेऱ्यापुढं धरला. बाई हसल्या, कोपरा दाखवा म्हणाल्या. कोपरा कोरा होता. "परफेक्ट," त्या म्हणाल्या, पक्की ऑर्डर मेलनं पाठवते म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि आईला इतकी घट्ट मिठी मारली की तिच्या गळ्यातली टेप माझ्या हनुवटीला रुतली.

मेल आला तेव्हा मी धावतच काकांकडे गेले. "आला! तुमच्या फोनवर पाठवते."

"काय नको फॉरवर्ड," काका म्हणाले. "गाडी आन."

गाडी आली, माग थांबले, मी काकांना पुढं यायला जागा करून दिली. ते आले नाहीत. चष्मा काढून खिशात ठेवला आणि लोकांत जाऊन उभे राहिले.

"तू वाच," ते म्हणाले. "हितनं पुढं मेल तूच वाचायचा."

मागे आईचं शिलाई मशीन बंद झाल्याचं मला ऐकू आलं. मी गाडीपुढं उभी राहिले आणि वाचायला सुरुवात केली.