आठव्या बाकावरच्या दोघी

"ए, आपापल्या जुन्या बाकावर बसा रे समदे! फोटो तसाच काढायचा!" शिवशंकरनं माइकवरून पुकारा केला आणि मिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सातवीचा वर्ग पंचवीस वर्षांनी शाळेत जमला होता. पुढाकार शिवशंकरचा, त्याला हौसच दांडगी. बाहेर मंडप, जिलबी-मठ्ठ्याचा बेत, आणि वर्गात खुर्चीवर फेटा बांधून बसलेले अमृतराव सर. व्याकरण शिकवावं तर त्यांनीच, असं गाव म्हणायचं. पोरांना शब्दांच्या जाती पाठ व्हाव्यात म्हणून त्यांनी बाकांनाच नावं दिली होती. पहिला नामाचा, दुसरा सर्वनामाचा, असं करत दाराजवळचा आठवा केवलप्रयोगी अव्ययाचा. "अरेरे, अबब, छी!" सर हसून सांगत. "वाक्यातून काढून टाका, वाक्याचं काही अडत नाही."

बसवतो गुणांवरून, असं ते म्हणत. पण आठव्या बाकावर कायम बौद्धवाड्यातल्या मिना आणि शालू. सहामाहीत वर्गात दुसरी आली तेव्हा मिना दप्तर उचलून पुढं गेली, तर सरांनी तिला दंडाला धरून परत मागं आणलं. "गुण मिळाले म्हणून शब्दाची जात बदलते का?" वर्ग खो खो हसला होता.

शालूनं त्याच वर्षी शाळा सोडली. मिना शिकून नर्स झाली. शालू आजही दुसऱ्याच्या रानात हळद काढायला मजुरीनं जाते. ती आज येतच नव्हती. "मला काहून ओढून राहिलीस? मला कोण वळखतं तिथं?" तिला मिनानं शब्द दिला होता, "कोणी काही बोललं तर मी हाय ना."

आणि आता शालू नव्या साडीचा पदर सावरत निमूट आठव्या बाकावर जाऊन बसली होती. मिनाला ते बघवेना. ती तडक सरांसमोर उभी राहिली.

"सर, ती कोण हाय? नाव सांगा तिचं."

सरांनी डोळे बारीक केले. "ती... तुझ्या शेजारची ना? केवलप्रयोगी!" दोघेतिघे हसले.

"शालू नाव हाय तिचं. तुमच्यामुळं शाळा सुटली तिची."

"गंमत होती गं ती. त्याच बाकानं तुला नर्स केलं, हे विसरू नकोस."

"मला माह्या मायनं नर्स केलं, लोकाच्या रानात खुरपून! तुमी दारात बसवलं. माफी मागा तिची."

"मिना, चांगल्या दिवशी काहून वंगाळ करून राहिलीस?" शिवशंकर मध्ये पडला.

"तू गप. तू पहिल्या बाकावर व्हतास."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "यांचं नेहमीचंच हे." मिना हलली नाही. शेवटी सरांनी घसा खाकरला. "चुकलं असेल काही, तर माफ करा." सुंभ जळाला तरी पीळ तसाच. पण लोकांनी सुटलो म्हणून टाळ्या वाजवल्या. मिना जिंकल्यासारखी मागं वळली, तर बाकावर कुणीच नव्हतं.

शालू तिला रस्त्यावर सापडली, ऑटोची वाट पाहताना.

"शाले, मागितली त्यानं माफी!"

"आयकली. तू माह्या नावानं भांडत व्हतीस, तवा समदे माह्याकडं पाहून राहिले व्हते. शाळंत पाहायचे तसेच."

"मंग मी गप बसायचं व्हतं?"

"मला इचारायचं व्हतं." शालूचा आवाज चढला. "मी बाकावर त्या सरासाठी बसली व्हय? तू येऊन बसशील म्हून बसली. फोटो काढायचा, अन समद्यांसंग पंगतीत जेवायचं. एवढंच व्हतं माह्या मनात."

ऑटो आला. "मी बी येते," मिना म्हणाली.

"नगं. तू जेव जाय."

ऑटो निघून गेला. मंडपात पंगत बसली होती आणि शिवशंकर वाढप्यांना जिलबी पुन्हा फिरवायला सांगत होता. मिना रस्त्यावरच उभी राहिली.