थ्रॉलच्या दाराची वादी

जोसाया थ्रॉलनं नदीकाठी शहर वसवलं, तेव्हा नकाशावर रस्ते भरपूर होते. जमिनीवर मात्र त्याचं ओंडक्यांचं घर, त्यातच दुकान, आणि शेजारी माझा लोहाराचा भाता. त्या दुपारी आम्हा गोऱ्यांची आसपासची सगळी वस्ती बंदुका घेऊन त्या एका खोलीत कोंडून बसली होती. नदीच्या वरच्या अंगाला इंडियन टोळ्यांशी लढाई पेटल्याची बातमी होती. ती कुणी आणली हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ती खरीच असणार.

"वादी आत ओढ, जोसाया," प्रुइट पाद्री म्हणाला. त्याची बंदूक दारावर रोखलेली.

दाराच्या भोकातून चामड्याची वादी बाहेर लोंबायची. येणाऱ्यानं ती ओढली की आतली खिटी उचलली जाई, मग सरळ चुलीपाशी येऊन बसावं. इथले मूळचे पोटावाटोमी लोक तसेच येत, न विचारता. थ्रॉलचा कातड्यांचा व्यापार त्यावरच उभा होता.

"आज त्यांच्यातला नागोस यायचाय," थ्रॉल म्हणाला. "वादी बाहेर दिसली नाही तर तो समजेल, आपण वैरी झालो. मग खरंच होऊ."

"आणि तोच वैरी होऊन आला तर?"

"माझ्याकडे येणारा दार वाजवत नाही, पाद्रीबाबा. वाजलं, तर खुशाल झाडा गोळी."

एवढी भक्कम कसोटी हाती आल्यावर सगळ्यांना जरा धीर आला.

थोड्या वेळानं दार वाजलं.

बंदुकांचे घोडे चढले. थ्रॉलचा चेहरा पिठासारखा झाला. शब्द त्याचाच होता.

"थांबा," त्याची बायको फिलीना चुलीपुढून उठली. "नागोस असेल तो."

"तुमचा नवरा तर आत्ताच म्हणाला—" प्रुइट बोलू लागला.

"नवऱ्याला काय कळतंय. मागे मी केस धूत होते, अंगावर धड कपडा नाही, आणि हा सरळ आत. असा फैलावर घेतला त्याला. पुन्हा न वाजवता आलास तर बघ, म्हटलं."

"आणि तो नसला तर?"

"तर गोळी मला लागेल. सरा बाजूला."

प्रुइट सरला नाही. ती त्याच्या नळीपुढून चालत गेली आणि तिनं दार उघडलं.

नागोसच होता. मागे बायको, दोन पोरं, पाठीवर बोचकी. त्यानं बंदुका पाहिल्या, मग फिलीनाकडे पाहिलं.

"वाजवलं होतं मी," तो म्हणाला. "बाई, खाली गोरे पिसाळलेत. आमची माणसं हुडकताहेत. पोरांना आत घेतेस?"

बंदुका खाली यायला बराच वेळ लागला. प्रुइटची सगळ्यात शेवटी.

"पाद्रीबाबा, पोरांना चुलीपाशी जागा करा," फिलीना म्हणाली. "आणि तुमच्या मागची ती मक्याची भाकरी द्या इकडं."

प्रुइटनं भाकरी दिली. मग सवयीनं तो प्रार्थनेला लागला, पण 'देवा, आम्हाला वाचव' इथवर आला आणि कुणापासून, ते त्याला सुचेना.